कलम मेलं, खुंटाला लाल बोंडं लागली. खायची का?

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय तो कळायचा नाही.

आमचं घर जांबोटीच्या अलीकडे. बाबांनी पंधरा-वीस वर्षांमागे बेळगावातून ग्लॅडिएटर गुलाबाचं कलम आणून गोठ्याच्या कडेला लावलं. इथला पाऊस काय सांगायचा, जूनमध्ये दोरीवर टाकलेली गोधडी दसऱ्याला वाळते. तीन पावसाळ्यांत ग्लॅडिएटर शेंड्याकडून काळा पडत खाली आला आणि संपला. बुडातून मात्र लांबसडक हिरवे फोक सुटले. बाबा म्हणाले, "जगलं बघ!" पुढे बाबा गेले, झाड राहिलं. दर दसऱ्याला गोठा साफ करताना ते कोयत्यानं खाली उतरवायचं, ते परत चढायचं. फूल कधी दिसलं नाही.

दोन वर्षांमागे म्हशी विकल्या. गोठा रिकामा, त्यामुळे कोयताही लागला नाही. या फाल्गुनात त्या झाडानं गोठ्याचं छप्पर पांढरंशुभ्र करून टाकलं. रुपयाएवढी फुलं, पाचच पाकळ्या, पण घोसच्या घोस. माश्यांची गुणगुण स्वयंपाकघरापर्यंत यायची. पंधरा दिवसांत सगळं झडलं. आता गणपतीत बघतो तर त्याच घोसांना वाटाण्याएवढी लालबुंद बोंडं. आमच्या हिचं माहेर डिचोलीचं, तिनं दोन घोस सरळ माटोळीला, म्हणजे गणपतीवर फळं-बोंडं टांगतात त्या चौकटीला, बांधले. पाचवीतल्या चिरंजीवांनी एक चावून बघितलं, "आंबटगोड आहे" असा निकाल दिला आणि मग तासभर घसा खाकरत बसले.

नेटवर शोधलं तर म्हणे हेच ते 'रोझहिप'. संत्र्याच्या कैकपट क जीवनसत्त्व, गुडघेदुखीवर रामबाण वगैरे. आईचे गुडघे धरलेत. तर हे नक्की काय आहे, खायचं का, आणि आईला द्यायचं का?

फोटो टाकलेत. तिसऱ्या फोटोत मागे दिसतंय ते आमचं कुत्रं, त्याच्याबद्दल विचारू नये.

शेवचिवडा_टिळकवाडी

मी पयला! कुत्र्याचं नाव काय?

खुंटवाला

फोटो बघितला. ग्लॅडिएटर कधीच गेला. हा त्याचा खुंट हाय.

बरेच लोक फसतात, म्हणून जरा इस्कटून सांगालोय. नर्सरीत गुलाब म्हणून जे मिळतं ते दोन झाडांचं एक झाड असतंय. खाली रानगुलाबाचा खुंट, वर तुमच्या आवडीच्या जातीचा डोळा, म्हणजे कोंब, भरलेला. खुंट दणकट, मुळं खोल, रोगाला सहजी हटत नाही. वरची जात नाजूक. वरचं मेलं की खुंट मोकळा सुटतो. "आमचा लाल गुलाब पांढरा झाला" म्हणून वर्षाला चारजण तरी माझ्याकडं येतात. लाल गुलाब पांढरा होत नसतो, लाल मरतो आणि खालचा वर येतो.

आता खूण. पान तोडून हातात घ्या. ग्लॅडिएटरला एका देठावर पाच पानं, याला सात, कधी नऊ. देठ जिथं फांदीला चिकटतंय तिथं दोन्ही बाजूंना बारीक हिरवी पट्टी दिसंल. ती कंगव्याच्या दातांसारखी झालरदार असली तर रोझा मल्टिफ्लोरा, डोळे झाकून. मूळचा जपान-कोरियाकडचा. आम्ही खुंट म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हाच वापरला. पॉलिहाउसवाले आता नाताल ब्रायर नावाचा खुंट लावतात, ते वेगळं.

आणि फूल इतकी वर्षं का आलं नाही? कोयत्यामुळं. हा गुलाब गेल्या वर्षीच्या फांदीवर फुलतो. तुम्ही दर दसऱ्याला फांदीच उतरवत होता, मग फुलणार कुठं? ग्लॅडिएटरसारख्या जातींची ऑक्टोबर छाटणी बरोबर हाय, कारण त्या नव्या फुटीवर फुलतात. याला तोच न्याय लावला की संपलं. म्हशी विकल्या म्हणून फुलं बघायला मिळाली बघा.

मलप्रभाकाठ

झालर आहे! आत्ताच भिंग घेऊन गोठ्याकडे जाऊन आलो. अगदी बारीक कंगवा. वीस वर्षं ते झाड डोळ्यांसमोर होतं, त्याचं पान एकदाही उलटून बघितलं नव्हतं.

अक्का_निपाणी

आमच्याकडं निपाणीत पण एक असला खुंट सुटलाय, पण फूल नाही. छाटत नाही तरी नाही.

खुंटवाला

अक्का, निपाणीत थंडी कमी पडते. याला थोडी तरी थंडी लागते. जांबोटी-कणकुंबीकडं डिसेंबरात बरी पडते.

निवृत्त_हवालदार

राम राम. वाचून लेहची आठवण झाली म्हणून लिहितो.

मराठा लाइट इन्फंट्रीत होतो. दोन वेळा लदाखला पोस्टिंग. तिथे ओढ्याच्या कडेनं रानगुलाबाची झुडपं असतात, स्थानिक लोक 'सिया' म्हणतात. जूनच्या शेवटाला गुलाबी फुलं येतात. त्या उघड्याबोडक्या डोंगरात तेवढाच रंग. सप्टेंबरात त्याला शेंदरी बोंडं लागतात, तुमच्यापेक्षा पुष्कळ मोठी, अर्ध्या सुपारीपासून बोराएवढी. लोक पिकलेली येता-जाता तोंडात टाकतात. मीही भरपूर खाल्लीत. तऱ्हा अशी की वरचा गर दातांनी कुरतडायचा आणि आतलं थुंकायचं. पहिल्या दिवशी हे कुणी सांगितलं नाही, अख्खं चावलं. रात्रभर घशात कुणीतरी कांबळं घासतंय असं वाटत होतं. मुलाला काय झालं ते मला बरोबर कळलं.

पुतण्या सध्या तिकडेच आहे. मागच्या सुट्टीत पावशेर वाळकी सिया घेऊन आला. डब्यात पडून आहे. तिचं काय करायचं ते कुणी सांगेल का?

रानवाट

हवालदारकाकांची सिया म्हणजे रोझा वेबियाना. मलप्रभाकाठ यांचा तो मल्टिफ्लोरा. युरोपात सरबत, मुरांबा, चहा ज्याचा करतात तो मुख्यतः तिसराच, रोझा कॅनिना. घराणं एक, पण माणसं वेगळी. नेटवरचे सगळे गुण त्या तिसऱ्याचे असतात आणि आपण ते गोठ्यावरच्या झाडाला चिकटवतो. हे आधी डोक्यात ठेवू.

घशात खाजतं ते का, ते सांगतो. एक बोंड ब्लेडनं उभं कापा. वर पातळ गर, आत पोकळी, पोकळीत टणक दाणे आणि त्या दाण्यांभोवती सोनेरी बारीक केस. ती कुसं. जवळजवळ खाजकुयलीचाच प्रकार, फक्त सौम्य. युरोपात शाळकरी पोरं ती काढून एकमेकांच्या सदऱ्यात टाकायची. घशाला आणि आतड्याला ती टोचतात, म्हणून गाळल्याशिवाय बोंड पोटात घ्यायचं नाही.

आणि गंमत म्हणजे आपण ज्याला फळ म्हणतोय ते फळच नव्हे. फुलाचा देठाकडचा पेला फुगून मांसल होतो, तो हा गर. आतले दाणे ही खरी फळं. खानापूर-चंदगडच्या माणसाला हे पटायला जड जाऊ नये. काजूचं बोंडही असंच, रसाळ भाग फळ नाही, खाली लोंबणारी बी हेच खरं फळ. फक्त काजूनं फळ बाहेर लटकवलं आणि गुलाबानं पोटात घेतलं.

शेवचिवडा_टिळकवाडी

काजूच्या बोंडाची फेणी होते. पुढचा प्रश्न मी विचारत नाही.

कषाय

मी शहापुरात आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते. दोन गोष्टी.

एक, आपल्या ग्रंथांत गुलाब आहे, पण तो फुलासाठी. भावप्रकाशाच्या पुष्पवर्गात शतपत्री आहे, कुब्जकही आहे. कुब्जक म्हणजे हिमालयाच्या पायथ्याचा पांढरा रानगुलाब असं बहुतेक मानतात. गुलकंद, गुलाबजल ही सगळी पाकळीची कामं. बोंडाचं औषध ही आपली परंपरा नाही, त्यामुळे कुणी 'आयुर्वेदिक रोझहिप' विकत असेल तर डबी उलटून नीट वाचा.

दोन, आणि ही महत्त्वाची. मल्टिफ्लोराच्या फळाला परंपरा आहे, पण जपानची. तिकडच्या अधिकृत औषधसंहितेत ते 'एइजित्सु' नावानं नोंदलेलं आहे आणि त्याचा उपयोग एकच: रेचक. जुलाबाचं औषध. मल्टिफ्लोरिन नावाचं द्रव्य त्यात असतं, ते आतड्यावर काम करतं. त्यामुळे आईंना काढा वगैरे देऊ नका. आधी विचारलंत ते बरं केलंत.

मलप्रभाकाठ

ताई, उशीर झाला.

धागा टाकला त्याच दिवशी संध्याकाळी आईनं कुणाची वाट बघितली नाही. शेजारच्या काकूंनी मोबाइलवर काहीतरी दाखवलं, दोघींनी मिळून ओंजळभर बोंडं ठेचून पेलाभर पाण्यात उकळली, गूळ घातला आणि निम्मी निम्मी प्याल्या. मी शाळेतून आलो तेव्हा पातेलं घासून पालथं घातलेलं होतं. रात्री नऊपासून पहाटेपर्यंत आईच्या पाच फेऱ्या झाल्या. काकूंच्या सात. परसाकडचा दिवा रात्रभर चालूच.

सकाळी ताक-भात खाऊन दोघी ठीक. आईचं म्हणणं, "गुडघ्याचं माहीत नाही, पण रात्रभर इतकी चालले की सुटले असतील." काकूंनी मात्र माझ्याशी बोलणं टाकलंय. जणू मीच पाजलं.

कषाय

बऱ्या आहेत ना, मग हसायला हरकत नाही. पण मीठ-साखरेचं पाणी देत राहा. सत्तरीच्या पुढच्या माणसाला पाच जुलाब म्हणजे थोडं नव्हे. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आज एकदा दाब बघून घ्या.

आता गुडघ्याचं. ती बातमी हवेतली नाही, अर्धी खरी आहे. डेन्मार्कमध्ये कॅनिनाच्या बोंडांच्या चूर्णावर काम झालं. २००८ साली अशा तीन चाचण्या एकत्र करून बघितल्या. मिळून २८७ रुग्ण, तीनेक महिन्यांचे उपचार. दुखणं थोडं कमी झालेलं दिसलं. थोडं. झीज भरून आली असं कुणी म्हटलेलं नाही. चाचण्यांना चूर्ण बनवणाऱ्यांचंच पाठबळ होतं हेही लक्षात ठेवायला हवं. ते चूर्ण एका ठरावीक जातीचं, ठरावीक तऱ्हेनं वाळवलेलं, दिवसाला ५ ग्रॅम मोजून. त्याचा आणि तुमच्या पातेल्याचा संबंध नाही.

मूतखडा होऊन गेलेल्यांनी क जीवनसत्त्वाची पूड मूठमूठ खाऊ नये. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी असली कुठलीही पूड डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये.

नवी_माती

चिकोडीहून. माझाही अनुभव लिहितो, म्हणजे दुसरा कुणी पैसे घालवणार नाही.

लॉकडाउनमध्ये ऑनलाइन 'रोझहिप बियाणं' मागवलं, ५० दाणे. कोकोपीट, कुंड्या, सगळा जामानिमा. आठ महिने रोज पाणी घातलं. एकच रोप उगवलं. आई बघून म्हणाली, "हा राजगिरा." भाजी केली तिची.

रानवाट

बी खराब असेलच असं नाही, नवी_माती. कॅनिनाचा दाणा लाकडासारखा टणक आणि आतून झोपलेला असतो. त्याला आधी दोन-तीन महिने ऊब, मग दोन-तीन महिने फ्रीजमधली थंडी, तीही ओल्या वाळूत, असं दाखवल्याशिवाय त्याला हिवाळा येऊन गेला हे पटतच नाही. मूळ मुलखात दाणा पडल्यापासून रोप वर यायला दीड-दीड वर्ष लागतं. चिकोडीच्या कुंडीत त्याला हिवाळा कुठून दिसणार?

आणि उगवला असता तरी फळला नसता, असं माझं स्पष्ट मत. कॅनिना काय, रुगोसा काय, ही थंड मुलखातली झाडं. आपल्याकडचा मार्च-एप्रिल त्यांना भाजतो आणि पुढचा पावसाळा कुजवतो. दक्षिणेत रानगुलाब आहे, रोझा लेशेनॉल्टियाना, पण तो नीलगिरी-पळणीच्या उंच डोंगरांत. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास. नीलगिरीतली उंची त्याच्या दुप्पट-तिप्पट.

शेवचिवडा_टिळकवाडी

मग सुपरमार्केटात मिळणारा तो लाल रोझहिप चहा? मी महिनाभर पितोय. काय सुंदर रंग येतो! डब्यावर गुलाबाचं चित्र आहे.

अक्का_निपाणी

डब्याची मागची बाजू वाच बाळा. सुनेनं आणला होता आमच्याकडं, मी चष्मा लावून वाचला. पहिलं नाव काय, तर हिबिस्कस. म्हणजे लाल अंबाडी! रंग तिचा, आंबटपणा तिचा आणि नाव गुलाबाचं. नुसत्या गुलाबाच्या बोंडाचं पाणी फिकं नारिंगी-तपकिरी होतं म्हणे, असं भडक नाही.

आता सांगा, आमच्या सगळ्या भागात पुंडी, म्हणजे भाजीची अंबाडी, पिकते. पुंडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी खाऊन वाढलो आम्ही. तिचीच बहीण ही लाल अंबाडी. कार्तिकात तिला ती लाल मांसल बोंडं येतात. मी पाकळ्या सोलून घेते, मधली हिरवी गोळी काढून टाकते. निम्म्या उन्हात वाळवून बरणीत. निम्म्या गूळ घालून शिजवते, एक लवंग, चिमूट मीठ. चटणी म्हणा, जॅम म्हणा, पोळीशी नातवंडं बोटं चाटत खातात. साठ रुपयांत वर्षाची बरणी. त्या डब्यात पंचवीस पिशव्या आणि किंमत विचारू नका.

शेवचिवडा_टिळकवाडी

डबा बघितला. हिबिस्कस पहिलं, मग सफरचंदाची साल, रोझहिप तिसरं. अक्का, मी निपाणीला येतोय.

रानवाट

अक्कांना +१.

क जीवनसत्त्वाचाही हिशेब लागलीच करून टाकू. अमेरिकी शेतीखात्याच्या अन्नतक्त्यात १०० ग्रॅम रानगुलाबाच्या बोंडांत ४२६ मिलिग्रॅम. तिकडच्या उत्तरेकडच्या मैदानांतली बोंडं आहेत ती, आपली नव्हेत. त्याच तक्त्यात पेरूला २२८. आणि आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये ठरवलेली रोजची गरज पुरुषाला ८० आणि बाईला ६५ मिलिग्रॅम. म्हणजे परसातला मध्यम पेरू नवरा-बायकोत वाटून खाल्ला तरी भागतं. वर आवळा आहेच.

मग युरोपानं एवढं डोक्यावर का घेतलं? कारण त्यांच्याकडं पेरूही नाही आणि आवळाही नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये संत्र्यांची जहाजं येईनात, तेव्हा १९४१ पासून सरकारनं कुंपणावरची गुलाबाची बोंडं गोळा करायला लोकांना लावलं. शाळेची पोरं पिशव्या घेऊन हिंडायची, पौंडामागे काही पेन्स मिळायचे. त्याचं सरबत लहान मुलांना चमच्यानं पाजायचे. गरजेतून आलेलं शहाणपण होतं ते. करवंदं आणि जांभळं रस्त्यावर सडत असताना आपण ते पार्सलनं मागवतो, याला काय म्हणावं!

धागापालक

बेळगाव की बेळगावी यावरचे चार प्रतिसाद 'चावडी'त हलवले आहेत. १ नोव्हेंबरला बोलू. इथं गुलाब.

निवृत्त_हवालदार

रानवाट, ते युद्धातलं सरबत कसं करायचे ते ठाऊक असेल तर लिहा. डबा समोर काढून बसलोय.

रानवाट

ताज्या बोंडांचं माप असं. किलोभर बोंडं. पावणेदोन-दोन लिटर पाणी आधी खळखळ उकळून घ्यायचं आणि बोंडं भरडून थेट त्यात टाकायची. आधी भरडून ठेवायची नाहीत, कापलेल्या बोंडातलं क जीवनसत्त्व हवेवर झपाट्यानं जातं. परत उकळी आली की आच बंद, पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं, मग जाड फडक्यातून गाळायचं. चोथा परत लिटरभर पाण्यात तसाच उकळून गाळायचा. दोन्ही पाणी एकत्र आटवून लिटरभर उरलं की सव्वासहाशे ग्रॅम साखर घालून पाच मिनिटं उकळायचं. लहान बाटल्यांत गरम असतानाच भरायचं, कारण उघडलेली बाटली फार टिकत नाही.

पातेलं स्टीलचं. तांब्याच्या किंवा पितळी भांड्यात क जीवनसत्त्व राहत नाही.

निवृत्त_हवालदार

केलं. अहवाल सादर करतो.

वाळकी सिया पावशेर. रात्रभर भिजत घातली, सकाळपर्यंत फुगून दीडपट. मिक्सरला नुसता एक झटका दिला. पहिल्यांदा चहाच्या गाळणीतून गाळलं, रंग मस्त, गाजराच्या रसासारखा. मी लगेच पेला भरणार होतो. सौभाग्यवतींनी हात धरला. म्हणाल्या, "थांबा, उजेडात धरा." खिडकीत धरून बघितलं तर सगळ्या रसात सोनेरी केस तरंगतायत. भिंगाशिवाय दिसत नाहीत, पण तिरप्या उन्हात चमकतात.

मग माझं जुनं धोतर निघालं. चार पदरी करून, पाण्यात पिळून, पातेल्यावर बांधलं आणि रस ओतून तासभर हलवायचं नाही असा हुकूम. दाबून पिळायचं नाही, दाबलं की केस फडक्यातून पलीकडे जातात हे त्यांना बासुंदीच्या अनुभवावरून ठाऊक, म्हणे. बासुंदीत केस कुठून आले हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्यांदा धुतलेल्या पदरातून परत तसंच. तिसऱ्यांदा उजेडात धरलं, निर्मळ.

पावशेराचं तीन पाव सरबत निघालं. चव? चिंचेचं पन्हं आणि जर्दाळू यांच्या मधली. थोडी तुरट. थंड पाण्यात दोन चमचे घालून नातीला दिलं, तिनं परत मागितलं. कुणाला जुलाब नाहीत, घसे शाबूत. धोतरावर नारिंगी डाग पडलाय, तो जात नाही.

कषाय

काका, तिसरी गाळणी बघून आनंद झाला. मधुमेह असेल तर ते दोन चमचे साखरेच्या हिशेबात धरा.

आणखी एक, धागा वाचून कुणी पॉलिहाउसमधल्या किंवा नर्सरीतून नुकत्या आणलेल्या गुलाबाच्या पाकळ्या-बोंडं तोंडात घालू नका. त्या झाडांवर बुरशीनाशकांचा, कीटकनाशकांचा मारा झालेला असतो, काही औषधं मुळातून शोषली जाऊन आत बसतात. गुलकंद करायचा तर घरच्या, बिनफवारणीच्या गावठी गुलाबाचा.

खुंटवाला

हे बरोबर. आमच्या नर्सरीतल्या झाडाचं फूल मी देवाला पण घालत नाही.

नवी_माती

मलप्रभाकाठ, तुमच्या झाडाच्या छाट मिळतील का? बियाण्याचा नाद सोडला. कुंपणाला लावावं म्हणतो, ससे-डुकरं अडतील.

रानवाट

इथं मला थोडं आडवं यावं लागेल. चिकोडीत लावा, हरकत नाही, तिकडं ते फुलणारही नाही बहुतेक. पण खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला, कुंपण म्हणून हा लावू नका. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी मृद्संधारण खात्यानंच हा जिवंत कुंपण म्हणून शेतकऱ्यांना वाटला होता. पाखरांनी बोंडं खाल्ली, दाणे रानभर टाकले, आज अनेक राज्यांत तो उपद्रवी तण म्हणून जाहीर आहे. आपल्याकडं थंडी कमी म्हणून तसं होईलच असं नाही. पण घाणेरीही आधी शोभेचं झुडूप म्हणूनच बागेत आली होती, आणि रानमोडीच्या तणानं काय केलं ते भीमगडच्या जंगलवाटेवर उघड्या डोळ्यांनी दिसतं. मलप्रभाकाठ, तुमच्या गोठ्यापासून रान किती लांब?

मलप्रभाकाठ

दोनशे पावलं.

काल संध्याकाळी मुद्दाम बसून बघितलं. बुलबुलांची जोडी येते, एक-एक बोंड तोडते, अख्खं गिळते. त्यांना ना घसा खाजत, ना जुलाबाचं भय. तासाभरात एक घोस साफ. दाणे कुठं पडत असतील ते देवाला ठाऊक. आज रविवार, चिरंजीव आणि मी शिडी लावून उरलेली सगळी बोंडं उतरवली. एक टोपली भरली. एका बोंडात सात दाणे, असा त्याचा हिशेब. त्याच्या वहीत चित्रही आहे, कुसं पिवळ्या पेन्सिलीनं काढलीत. टोपली चुलीत घातली. माटोळीचे दोन घोस मात्र वाळून तसेच आहेत, आई ते कुणाला हात लावू देत नाही. जुलाबाचं जपानी औषध घरात असावं म्हणते.

झाड काढणार नाही. बाबांनी "जगलं बघ" म्हटलेलं झाड आहे. फुलं झडली की घोस खुडायचे, बोंड धरू द्यायचं नाही, असं ठरवलंय. खुंटवाला, फुलं झाल्या झाल्या छाटलं तर पुढच्या वर्षी फुलेल ना?

खुंटवाला

फुलंल. चैत्र संपायच्या आत छाटा, मग पावसाळ्यात नवीन फोक सुटतात आणि पुढच्या फाल्गुनात त्यांच्यावरच फुलतं. कापलेल्या तोंडांना बोर्डो पेस्ट लावा, एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. तुम्हाला वाटीभर पुरे. नाहीतर हाही ग्लॅडिएटरसारखा शेंड्याकडून काळा पडंल.

आणि एक सुचवालोय. त्याच खुंटावर एक फोक ठेवा, पेन्सिलीएवढा जाड झाला की डिसेंबर-जानेवारीत मी येतो. ग्लॅडिएटरचा डोळा भरून देतो. खाली पांढरा, वर लाल. बाबांचे दोन्ही गुलाब एका बुंध्यावर.

मलप्रभाकाठ

या. जेवायलाच या. शेजारच्या काकूंना पण बोलावतो, तुमच्यासमोर तरी बोलतील.

नवी_माती

माझ्या छाटांचं काय झालं?

मलप्रभाकाठ

छाटणीच्या वेळी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, वीतभर लांबीच्या. चैत्रात खानापूर स्टँडवर येऊन घेऊन जा. हातमोजे आणा.

शेवचिवडा_टिळकवाडी

कुत्र्याचं नाव अजून सांगितलं नाही.

मलप्रभाकाठ

ग्लॅडिएटर.